मराठीतला स्लीप ॲप्नियाचा फॉर्म : "तुमच्यावर उच्च दबाव आहे का?"

रात्रपाळीवाला · मंगळवार, रात्री १.२०

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमधे टेक्निशियन आहे, म्हणजे लोकांना झोपवायचं आणि आपण जागं राहायचं. आत्ता आत एक काका वायरी लावून ढाराढूर झोपलेत, मी स्क्रीनसमोर बसलोय, म्हटलं डोक्यात खुपतंय ते इथे टाकूया.

आमच्याकडे ओपीडीत पेशंटला आधी फॉर्म देतात. झोपेत घसा मिटून श्वास अडकतो तो आजार, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, तो असायची शक्यता किती हे चाळून बघायला. एक फॉर्म स्टॉप-बँग, दुसरा एपवर्थ, तो दिवसा किती झोप येते ते विचारतो. दोन्ही मूळ इंग्रजीत. पण आमच्याकडे कळवा, वागळे इस्टेट, बदलापूर, अगदी मुरबाडहून माणसं येतात, त्यांना इंग्रजी कुठून येणार, म्हणून कोणीतरी उत्साहाने मोबाइलच्या ॲपमधे टाकून मराठी करून घेतलं आणि गठ्ठाच छापून आणला. नमुने बघा:

"तुमच्यावर उच्च दबाव आहे का?" (विचारायचं होतं बीपीचं. एका काकांनी लिहिलं, हो, मुलगा आणि सून दोघांचा)

"तुम्हाला श्वास थांबवताना कोणी निरीक्षण केले आहे का?"

"मान परिघ ४० सेमी पेक्षा मोठा?"

मी साहेबांना म्हटलं हे बदलू, ते म्हणाले तूच कर नीट मराठी, दहावीला चांगले मार्क होते ना तुला. आता मी काय करू सांगा. शब्द बदलले की झालं का अजून काही भानगड असते?

घोडबंदरकर · मंगळवार, सकाळी ८.०५

हाहाहा मुलगा आणि सून दोघांचा!! काकांना पूर्ण मार्क द्या.

एपवर्थ मी भरलाय इंग्रजीत. त्यात एक प्रश्न आहे की गाडी ट्रॅफिकमधे काही मिनिटं थांबली तर डुलकी लागते का. काही मिनिटं? आमच्या घोडबंदर रोडला? झोपून उठून दाढी करून होते माझी.

भूलवाली_वाशी · मंगळवार, दुपारी २.४०

मी भूलतज्ज्ञ आहे, वाशीला प्रॅक्टिस. हा फॉर्म आमच्याच लोकांनी काढलेला म्हणून राहवलं नाही. स्टॉप-बँग २००८ मधे टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या टीमने काढला, ऑपरेशनच्या आधी पेशंट पटकन चाळता यावेत म्हणून. भूल दिली की घशाचे स्नायू सैल पडतात, नंतर दुखण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं दिली की श्वास आणखी मंदावतो, आणि ज्याचा घसा रोज रात्री आपोआप मिटतोय त्याला वॉर्डात पहाटे तीनला काय होईल याची आम्हाला धास्ती असते. म्हणून आधी विचारायचं.

आठ प्रश्न, हो किंवा नाही. बंद दाराबाहेर ऐकू येईल एवढं घोरणं, दिवसा थकवा किंवा झोप येणं, श्वास थांबलेला कोणी बघितलाय का, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर, पुरुष आहात का. ० ते २ आलं तर धोका कमी, ३-४ मध्यम, ५ किंवा त्यापुढे जास्त.

आता तुमच्या छापलेल्या गठ्ठ्याबद्दल. मान ४० सेमी हा पहिल्या आवृत्तीतला आकडा आहे. नंतरच्या फॉर्ममधे पुरुषांना ४३ आणि बायकांना ४१ आहे. तुमच्याकडे प्रश्न एका आवृत्तीचे आणि आकडे दुसऱ्या आवृत्तीचे असं कडबोळं झालंय का ते आधी बघा, मी हे एका ठिकाणी स्वतः बघितलंय. आणि हो, मान पेशंटला विचारायची नाही, टेप घेऊन मोजायची. शर्टाची साइज ३९ आहे म्हणतात आणि वरचं बटण गेली दहा वर्षं लावलेलं नसतं.

तुर्भेकर · मंगळवार, दुपारी ३.१५

वाचून मी पण करून बघितलं. वय ५२ म्हणजे १, पुरुष १. बीपी नाही, गोळी चालू आहे त्यामुळे एकदम नॉर्मल असतं. घोरतो थोडाफार पण दार बंद केल्यावर बाहेर ऐकू येतं का म्हणाल तर गाळ्यावर झोपतो, दार कुठलं, शटर आहे. श्वास थांबलेला कोणी बघितला नाही. वजन आहे पण ३५ च्या आत. टोटल २. म्हणजे मी पास. 😄

रात्रपाळीवाला · मंगळवार, दुपारी ४.३०

@तुर्भेकर दादा, पास कसले. गोळी चालू आहे म्हणजे बीपी आहे, त्याचं उत्तर "हो". हेच आमच्याकडे रोज होतं, "बीपी आहे का" विचारलं की म्हणतात नाही, आणि पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप बाहेर येते. मूळ प्रश्नातच "आहे किंवा त्यावर उपचार चालू आहेत" असं आहे, आमच्या ॲपवाल्या मराठीत दुसरा अर्धा भाग गायब.

गाळ्यावर अजून कोण झोपतं? पोरं काय म्हणतात?

तुर्भेकर · मंगळवार, दुपारी ४.५०

पोरं म्हणतात काका झोपले की आयशर चालू झाल्यासारखं वाटतं. पण ते दमल्यामुळे हो, मार्केट पहाटेच सुरू होतं आमचं. मिसेस गावी असतात जुन्नरला.

रात्रपाळीवाला · मंगळवार, दुपारी ४.५५

मग घोरण्याचा १, बीपीचा १. चार झाले. आणि श्वास थांबलेला "बघितला नाही" ते बघायला कोणी जागं नसतं म्हणून, तो "नाही" मी धरत नाही.

शब्दगिरणी · मंगळवार, रात्री ९.१०

मी अनुवादाचं काम करते, त्यातही औषध कंपन्यांच्या ट्रायलमधले पेशंटचे फॉर्म बरेच केलेत. धागाकर्त्याने विचारलंय शब्द बदलले की झालं का. नाही झालं.

यात पद्धत अशी असते की दोन वेगवेगळी माणसं स्वतंत्रपणे मराठी करतात, दोघांचं बसून एक करायचं, मग मूळ इंग्रजी कधीच न बघितलेला तिसरा माणूस ते मराठी परत इंग्रजीत नेतो, आणि मूळ आणि परत आलेलं शेजारी ठेवून कुठे घसरलं ते बघायचं. त्यानंतर डॉक्टर, भाषेचा माणूस, सगळे बसून ठरवतात. इथवर आलं की लोकांना वाटतं संपलं, पण खरी गंमत पुढे. ते मराठी पाच-दहा खऱ्या पेशंटना देऊन विचारायचं की हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय ते तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर नाही विचारायचं, प्रश्न काय समजला ते विचारायचं. तिथे भले भले अनुवाद आडवे होतात.

आणि एक महत्त्वाचं. हे फॉर्म रानातली बोरं नाहीत, हक्क राखीव आहेत. एपवर्थची परवानगी मापी रिसर्च ट्रस्टकडून घ्यावी लागते, स्टॉप-बँगचे हक्क टोरांटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्ककडे. आधी त्यांना लिहा आणि मराठीत तयार आहे का विचारा. असलं तर तुमची सहा महिन्यांची मेहनत वाचेल.

माई_नौपाडा · बुधवार, सकाळी ६.३०

मी निवृत्त शिक्षिका, मराठीचीच. आमच्या ह्यांच्यासाठी हा फॉर्म मागच्या वर्षी भरला होता, तेव्हाच माझा लाल पेन शिवशिवत होता.

पहिली गोष्ट, "आपण" लिहू नका. आदराचं वाटतं पण "आपण मोठ्याने घोरतो का" वाचून आमचे हे माझ्याकडे बघून म्हणाले, आपण दोघं का? मराठीत आपण म्हणजे तुम्हीही होतं आणि आम्हीही होतं. सरळ "तुम्ही" लिहा.

दुसरं, इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, आपल्याकडे आहे. "तुम्ही दिवसा थकलेले असता का" हे बाईला वाचायला दिलं की तिला वाटतं हा फॉर्म पुरुषांचा, नवऱ्याबद्दल विचारतायत, आणि ती नवऱ्याचं उत्तर लिहिते. हसू नका, माझ्या शेजारणीने असंच केलं. त्यापेक्षा "तुम्हाला दिवसा थकवा वाटतो का" करा, लिंगच येत नाही.

तिसरं, टायर्ड आणि स्लीपी यांत मराठी माणूस फार भेद करतो आणि फॉर्मवाले करत नाहीत. थकवा, दमणूक, मरगळ, ग्लानी, पेंग, डुलकी, गुंगी, डोळा लागणे, प्रत्येकाची जात वेगळी. पेंग बसल्या बसल्या येते. मरगळीत झोप येईलच असं नाही. गुंगी औषधाने येते. एपवर्थला नेमकं काय हवंय?

भूलवाली_वाशी · बुधवार, दुपारी १.२०

माई, दंडवत! एपवर्थला पेंगच हवी आहे, म्हणजे डोळा लागणं. त्यात स्पष्ट लिहिलंय की नुसतं थकल्यासारखं वाटणं नाही, डुलकी लागण्याची किंवा झोपच लागण्याची शक्यता. १९९१ मधे मरे जॉन्स यांनी मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात काढला म्हणून ते नाव. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २४, आणि १० च्या वर गेलं की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. पण तो झोपाळूपणा मोजतो, ॲप्निया मोजत नाही. श्वास तासाला चाळीसदा अडकतोय आणि एपवर्थ ४, असे पेशंट मी बघितलेत. त्यांना झोप येत नाही असं नाही, वर्षानुवर्षं तसंच चाललंय म्हणून ते त्याला झोप म्हणतच नाहीत.

सुनीता_ऐरोली · बुधवार, रात्री १०.०२

या शेवटच्या वाक्यावर लिहिते. माझे बाबा बस ड्रायव्हर. कंपनीच्या मेडिकलला हा झोपेचा फॉर्म दिला होता, मराठीतच होता, बाबांनी आठच्या आठ शून्य लिहिली. घरी टीव्ही लावून पाच मिनिटांत मान खाली जाते त्यांची. मी विचारलं असं का, तर म्हणाले बाळा, पोटावर पाय देऊ का. मराठी कितीही सुंदर करा, तो कागद कुणाच्या हातात जाणार हे माणूस आधी बघतो आणि मग उत्तर लिहितो.

शब्दगिरणी · बुधवार, रात्री १०.४०

सुनीता, अगदी. याला अनुवादात इलाज नाही. फॉर्म नोकरीच्या मेडिकलमधे द्यायचाच असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये, मान, वजन, बीपी, जे मोजता येतं ते मोजावं. बाबांना वेगळ्या डॉक्टरकडे घेऊन जा, जिथून कागद ऑफिसला जात नाही.

सडेतोड · गुरुवार, सकाळी ११.००

मला कळत नाही एवढा काथ्याकूट कशाला. घोरतो का, झोप येते का, साधे प्रश्न आहेत, रिसेप्शनवरची मुलगी तोंडी विचारेल. नाहीतर फॉर्मच बंद करा आणि सगळ्यांची सरळ टेस्ट करा.

रात्रपाळीवाला · गुरुवार, दुपारी १२.१५

साहेब, माझ्या लॅबमधे दोन बेड आहेत. एका पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला, पायाला वायरी लावायलाच पाऊण तास जातो, मग रात्रभर बघायचं, सकाळी तासन्‌तास बसून श्वास किती वेळा अडकला ते मोजायचं. दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक धरतात, तासाला ५ च्या वर सौम्य, १५ च्या वर मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरी नेऊन लावायचं छोटं मशीन पण असतं. पण सगळ्यांची करा म्हणणं म्हणजे घोरणाऱ्या अख्ख्या ठाण्याला दोन बेडवर झोपवणं. २००४ मधे मुंबईत डॉ. उदवाडियांच्या टीमने ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत बघितलं तेव्हा लक्षणांसकट ॲप्निया साडेसात टक्क्यांत निघाला होता. चाळणी लागतेच.

आणि तोंडी विचारण्याबद्दल, रिसेप्शनची एक मुलगी विचारते "घोरत नाही ना तुम्ही?" आणि दुसरी विचारते "घोरता किती?" दोघींचे पेशंट वेगवेगळ्या आजाराचे वाटतात.

सडेतोड · गुरुवार, दुपारी १२.३०

ठीक आहे, शेवटचं पटलं.

सीपॅपवाला_नेरूळ · गुरुवार, रात्री ९.४५

मी तीन वर्षं सीपॅप लावून झोपतो, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन. माझा स्कोअर पहिल्यांदा ३ आला होता, दुसऱ्यांदा ६, आणि मधे फक्त पंधरा दिवस. फरक एवढाच की दुसऱ्यांदा बायको बरोबर होती. मी म्हणत होतो श्वास थांबत नाही, ती म्हणाली थांबतो, मग मी हलवते, मग हा फुर्र करून उठल्यासारखा करतो आणि परत झोपतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे मला त्या दिवशी डॉक्टरांसमोर कळलं. तर मराठी फॉर्मवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहा, शेजारी झोपणाऱ्याला विचारून भरा.

माई_नौपाडा · शुक्रवार, सकाळी ६.१५

आणि बाई पेशंट असेल तर उलटं. नवरा सांगत नाही कारण त्याची झोप मोडत नाही, आणि बाई स्वतः घोरणं कबूल करणार नाही, सासू शेजारी बसलेली असताना तर नाहीच. घोरणं म्हणजे बाईच्या जातीला शोभत नाही असं आमच्या पिढीत होतं. बायकांचा फॉर्म एकांतात भरून घ्या.

भूलवाली_वाशी · शुक्रवार, दुपारी ३.००

माई, शिवाय बायका घोरण्यापेक्षा झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही अशा तक्रारी घेऊन येतात आणि त्यांना रक्त वाढायच्या गोळ्या मिळतात. त्यात "पुरुष" असण्याचा गुण बायकांना मिळतच नाही, म्हणजे सुरुवातच एक कमी. पाळी गेल्यावर धोका वाढतो. मी तर पन्नाशीच्या पुढच्या बाईचा २ आला तरी त्यावर झोपून राहत नाही.

बीएमआयचं पण बोलते. ३५ हा आकडा आपल्या लोकांना फार वरचा आहे. आपल्याकडे २५ ला लठ्ठपणा धरतात. पण रात्रपाळीवाले, तुम्ही मनाने ३५ चा २५ करू नका. ते भाषांतर नाही, ती फॉर्मचीच चिरफाड आहे, मग तो स्कोअर कुठल्याच अभ्यासाशी ताडता येणार नाही. ३५ तसाच ठेवा आणि खरा बीएमआय बाजूला वेगळा लिहा.

रात्रपाळीवाला · पुढच्या गुरुवारी, रात्री २.१०

मंडळी, अपडेट. साहेबांनी परवानगीसाठी दोन्हीकडे मेल टाकलाय, उत्तर येईपर्यंत तो छापील गठ्ठा बंद. तोवर शब्दगिरणीताईंनी सांगितलं तसं मी एक कच्चं मराठी घेऊन आठ पेशंटना नुसतं विचारलं, हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय. स्कोअर काढला नाही. काय काय निघालं बघा, मी तर चाटच पडलो.

"प्रेशर" शब्द ठेवला होता, वाटलं लोकांना कळेल. मुरबाडचे आजोबा म्हणाले येतं ना, सकाळी चहा घेतला की लगेच. शब्द काढला. आता "बीपीचा त्रास आहे का, किंवा बीपीची गोळी चालू आहे का".

"दुपारी आडवे झाल्यावर डुलकी लागते का" याला आठपैकी सात जणांनी जवळजवळ ओरडून ३ दिलं. एक म्हणाले, आडवं कशाला व्हायचं मग? आपल्याकडे वामकुक्षी म्हणजे आजार नाही, संस्कार आहे.

"जेवणानंतर, मद्य घेतलेलं नसताना, शांत बसल्यावर" वाचून कोपरीच्या एक आजी भडकल्या, मी असल्या घरातली वाटते का तुला. त्यांना "साधं जेवण झाल्यावर" सांगितलं तर शांत झाल्या, पण मग दारूचा मुद्दाच उडतो. हे अजून सुटलेलं नाही.

"शक्यता" सगळ्यात अवघड. थोडी शक्यता, मध्यम शक्यता, जास्त शक्यता दिलं की लोक "कधीकधी" म्हणतात. म्हणजे ते किती वेळा होतं ते सांगतायत, आणि विचारलंय त्या वेळी डोळा लागेल का. शिवाय आजी म्हणतात मी गाडीत तासभर बसतच नाही तर कशाला सांगू. बसला असतात तर, हे "तर" त्यांना मान्य नाही. मी म्हटलं कारच्या जागी लोकल टाकू का, ठाणे ते सीएसएमटी स्लो. पण लोकलमधे उभ्याने डुलकी घेणारी जमात आपली, सगळ्यांचेच गुण वाढतील.

आणि एक जण महापेला नाइट शिफ्ट करणारा. "दिवसा झोप येते का" वर म्हणाला, दिवसाच झोपतो मी. बरोबरच आहे त्याचं. तिथे "तुमच्या जागं राहायच्या वेळेत" असं काहीतरी करावं लागेल.

घोरण्याच्या प्रश्नात, जोडीदार रात्री कोपराने ढोसतो का, असा भाग आहे, तो मात्र सगळ्यांना एका झटक्यात कळला. हसून हसून हो म्हणाले.

शब्दगिरणी · गुरुवार, सकाळी १०.१५

क्या बात है, आठ माणसांत एवढं निघालं. हे सगळं तारीख घालून लिहून ठेवा, कुठला शब्द का बदलला ते. लोकल टाकू नका, प्रसंग बदलला की अवघडपणा बदलतो, एसटी चालेल का ते मूळवाल्यांनाच विचारा. दारूचा आणि नाइट शिफ्टचा मुद्दाही त्यांच्याच कानावर घाला, स्वतः निर्णय घेऊ नका. आणि लोकांना कळतंय म्हणजे बरोबर मोजतंय असं नाही हां. पुढे मराठी स्कोअर आणि तुमच्या लॅबचा रिपोर्ट समोरासमोर ठेवून किती आजारी पकडले, किती सुटले, किती उगाच धाडले हे बघायचं आहेच. तेही फक्त जास्त स्कोअरवाल्यांची टेस्ट करून नाही, कमी स्कोअरवाल्यांची पण, नाहीतर सुटलेले कधी दिसणारच नाहीत.

घोडबंदरकर · गुरुवार, दुपारी १.३०

वामकुक्षीला ३ न देणारा तो आठवा माणूस कोण? त्याची पण तपासणी करा.

तुर्भेकर · शनिवार, रात्री ८.२०

रात्रपाळीवाले आहात का? गाळ्यावरच्या पोराने मोबाइलवर रेकॉर्ड केलं माझं. ऐकलं. आयशर चालू असतो चालू असतो आणि मधेच बंद. एकदम शांत. पोरगं मागे मोजतंय ऐकू येतं, सतरा अठरा एकोणीस, मग मी कुणीतरी गळा सोडल्यासारखा आवाज करतो. तीनदा ऐकलं, चौथ्यांदा नाही ऐकवलं. मिसेसला पाठवलं तर ती म्हणते हे तर पहिल्यापासून आहे, मला वाटलं सगळ्याच पुरुषांचं असतं.

तुमच्याकडे यायचं तर काय आणायचं?

रात्रपाळीवाला · शनिवार, रात्री ११.०५

दादा, आधी ओपीडीत साहेबांना दाखवा, ते रेकॉर्डिंग पण ऐकवा. टेस्टच्या दिवशी रात्री नऊपर्यंत या. बीपीची गोळी नेहमीसारखी घ्यायची. दुपारी झोपू नका, जेवणानंतर चहा नको. स्वतःची उशी लागत असेल तर आणा. आणि डोक्याला तेल लावून येऊ नका, वायरी चिकटत नाहीत.